दहा दिवसांचं आयर्लंड

नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावात राहणाऱ्या मराठी माणसाने आपल्या गॅरेजमध्ये आयर्लंडची रेल्वे बांधू नये, असा कुठेही कायदा नाही. असता तर मोरेश्वर दाबक्यांना बरं वाटलं असतं. निदान कायद्याकडे बोट दाखवून थांबता आलं असतं. आता थांबायला काही कारणच नव्हतं, आणि विचारणारे तर थांबतच नव्हते.

"आयर्लंडच का?" हा तो प्रश्न.

"अरे यार, करायचीच तर माथेरानची कर," सत्यजित वऱ्हाडपांडे म्हणाला. हा दोन घरं सोडून राहतो, मूळचा नागपूरचा. गुडघेदुखीपासून घराच्या कर्जापर्यंत कुठल्याही विषयावर सल्ला देतो, आणि तो ऐकला नाही तर पुन्हा देतो. "माथेरान म्हणजे कसं, आपलं. लोक बघतील, फोटो काढतील. आयर्लंड कोण बघणार बे?"

त्याची बायको दीपा म्हणाली, "मोरेश्वरभावजी, पण आयर्लंडात रेल्वे आहे? मला वाटायचं तिथे मेंढ्याच असतात."

दाबक्यांची मुलगी अनिका त्यांच्याकडे गंभीरपणे बघून म्हणाली होती, "डॅड, आर वी आयरिश?" इथे जन्मलेल्या मुलांना घराण्याबद्दल कुठलीही शंका येऊ शकते.

खरं कारण दाबक्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण ते सांगण्याजोगं नव्हतं. औषधांच्या ज्या कंपनीत ते नोकरी करत, तिने एका हिवाळ्यात त्यांना आयर्लंडातल्या कॉर्कला पाठवलं होतं. तिथल्या एका लहानशा स्टेशनावर ते रोज संध्याकाळी गाडीची वाट बघत. काळ्या-नारिंगी रंगाचं इंजिन यायचं. फलाटावरचा माणूस त्यांना रोज विचारायचा, "कुठे जायचंय?" बस्स. "तुम्ही मूळचे कुठले?" असं त्याने एकदाही विचारलं नाही. सत्तावीस वर्षं परदेशात काढलेल्या माणसाला याचं काय वाटतं, हे सत्यजितला सांगून उपयोग नव्हता. त्याने त्यावरही सल्ला दिला असता.

तर दाबक्यांनी गॅरेजमध्ये आठ फुटी फळीवर ते स्टेशन बांधायला घेतलं. एक फलाट, एक सिग्नल, मागे टेकडी, टेकडीतून बोगदा आणि पुढे दलदलीचं माळरान. इतकंच. पण दाबके पडले औषध कंपनीतले. गोळीत अर्धा मिलिग्राम इकडे-तिकडे झाला तर रात्रीची झोप उडणारे. आयर्लंडात दोन रुळांमधलं अंतर पाच फूट तीन इंच असतं. अमेरिकेत त्याहून कमी. आणि खेळण्यातली आयरिश इंजिनं विकत मिळतात ती चक्क त्या अरुंद रुळांवर बसवलेली. म्हणजे वरून आयरिश आणि खालून परकं. जगभरचे हौशी लोक हे मुकाट्याने चालवून घेतात. दाबक्यांनी नाही घेतलं. त्यांनी प्रत्येक चाक उपटून दांडीवर बाहेर सरकवलं, आणि एकवीस मिलिमीटर रुंदीचा रूळ हाताने, खालच्या एकेका स्लीपरला सोल्डरचा डाग देत बसवला. इंजिन पहिल्यांदा त्यावरून गेलं तेव्हा त्यांनी बायकोला, प्रतिमाला, हाक मारून बोलावलं.

प्रतिमाने कणकेचे हात तसेच ठेवून बघितलं. "म्हणजे आता ही गाडी दुसऱ्या कोणाच्या रुळावर चालणार नाही?"

"नाही."

"दुकानातल्या?"

"नाही."

"अख्ख्या अमेरिकेत कुठेच नाही?"

"नाही," दाबके अभिमानाने म्हणाले.

"मग हिला गाडी कशाला म्हणायचं?" असं म्हणून ती पोळ्यांकडे परत गेली.

याच रुळांच्या जोरावर दाबके गावातल्या मॉडेल रेल्वे क्लबमध्ये शिरले. क्लबचा अध्यक्ष वॉल्टर, पट्ट्यापट्ट्यांची टोपी घालणारा सत्तरीचा गृहस्थ. क्लबात सगळं अमेरिकन. कोलोराडोच्या खाणी, पेनसिल्व्हेनियाचा कोळसा. वॉल्टरने आधी दोनदा नाही म्हटलं होतं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "लेबर डेच्या आधीच्या शनिवारी आमचं वार्षिक प्रदर्शन असतं. बाथरूमजवळ एक टेबल रिकामं आहे. पण टेबल मागून जो ऐन वेळी येत नाही, त्याला पुन्हा टेबल नाही. क्लबही नाही."

बाथरूमजवळचं का होईना, टेबल होतं. मराठी मंडळाच्या पंगतीत दाबके वाढपी होते, ऑफिसात ते 'क्वालिटीवाला मो' होते. या टेबलावर ते पहिल्यांदाच स्वतःच्या मर्जीने कोणीतरी होणार होते. त्यांनी कॅलेंडरवर ऑगस्टअखेरचा तो शनिवार लाल पेनने गोल केला आणि रोज येता-जाता त्या गोलाकडे बघू लागले.

ऑगस्ट आला आणि कॅरीची हवा ओल्या टॉवेलसारखी झाली. गॅरेजमध्ये एसी नाही. लाकूड फुगलं, रूळ आवळले, आणि आयर्लंड एका आठवड्यात अमेरिकेइतकं अरुंद झालं. दाबक्यांनी कपाळाला हात लावला. सगळं उखडून पुन्हा बसवायचं तर फळी एसीतच हवी. म्हणून आयर्लंड दिवाणखान्यात आलं, खिडकीखाली. तिथला सोफा मागच्या लाकडी डेकवर गेला. तिसऱ्या दिवशी सोसायटीची, म्हणजे इथल्या भाषेत एचओएची, ईमेल आली की घरातलं फर्निचर घराबाहेर दिसता कामा नये. सोफा गॅरेजमध्ये गेला. मग प्रतिमाची गाडी ड्राइव्हवेवर आली, ड्राइव्हवेवरची अनिकाची गाडी रस्त्यावर गेली, आणि दुसरी ईमेल आली की रात्री रस्त्यावर गाडी लावता येत नाही. अनिकाची गाडी सत्यजितच्या दारात गेली. त्याबद्दल सत्यजितने दाबक्यांना रोज तासभर आपले विचार ऐकवायचे, असं न बोलता ठरलं.

दलदलीसाठी दाबक्यांनी चहाचा चोथा वाळवून वापरला होता. आयरिश माळरानाचा तो काळपट तपकिरी रंग जगात फक्त उकळलेल्या चहाला येतो, असं त्यांचं संशोधन होतं. पण चहात साखर घालून उकळायची घरची पद्धत त्यांच्या संशोधनातून सुटली. दिवाणखान्यात आल्यावर चार दिवसांत आयर्लंडात मुंग्या झाल्या. फलाटावर उभ्या केलेल्या चिमुकल्या प्रवाशांच्या तुलनेत त्या मांजराएवढ्या दिसत. एक मुंगी सिग्नलवर चढून बसली ती उतरेच ना.

"काढा हे," प्रतिमा म्हणाली.

"शनिवारपर्यंत थांब. फळीला हात लावू नकोस. रूळ आत्ताच कुठे सरळ झालेत. फळी इंचभरसुद्धा हलता कामा नये."

"नाही हलवत," प्रतिमा म्हणाली. तिने शब्द पाळला. तिथेच घात झाला.

त्या बुधवारी गणेश चतुर्थी होती. चतुर्थीला अमेरिकेत सुट्टी नसते, तेव्हा दाबके सकाळी ऑफिसात गेले. संध्याकाळी दारातच उदबत्तीचा वास आला. आत पाऊल टाकलं आणि ते बूट काढता काढता एका पायावर उभे राहिले.

टेकडीवर, बोगद्याच्या बरोब्बर माथ्यावर, फूटभर उंचीची शाडूची गणेशमूर्ती बसली होती. सिग्नलला दुर्वांची जुडी. फलाटावर पाच फळं. स्टेशनमास्तरच्या खोलीसमोर समई. नारिंगी इंजिनाच्या टपावर हळद-कुंकू.

"प्रतिमा! हे काय?"

"काय म्हणजे? गणपती दरवर्षी त्याच खिडकीखाली बसतो. तिथे तुमची फळी. फळी हलवायची नाही असं तुम्हीच सांगितलंत. मी हलवली का? सांगा, इंचभर तरी हलवली का?"

"डॅड, इट वॉज ऑलरेडी अ डेकोरेशन," अनिका म्हणाली.

"मी सुचवलं," सत्यजित हातात झांजा घेऊन म्हणाला. सोफा नसल्यामुळे तो जमिनीवर बसला होता. "म्हटलं, हिरवी टेकडी आयती आहे. लोक काय खूश झाले म्हणून सांगू! सगळे म्हणाले, कोकण रेल्वेचा देखावा फर्मास जमलाय."

"आयर्लंड आहे ते," दाबके म्हणाले.

"कोकणच वाटतंय," दीपा प्रेमाने म्हणाली.

दाबक्यांनी स्वतःला सावरलं. दाबक्यांचा गणपती दीड दिवसाचा. उद्या विसर्जन, शुक्रवार साफसफाईला, शनिवारी प्रदर्शन. वेळ होता. "ठीक आहे," ते म्हणाले, "उद्या संध्याकाळी जातीलच."

प्रतिमाने समईची वात सारली.

"अहो," प्रतिमा म्हणाली, "यंदा दहा दिवस. अनिकाला मेडिकलला प्रवेश मिळाला की दहा दिवस बसवीन म्हणून मी नवस बोलले होते. तुम्हाला विचारलं होतं मी. तुम्ही चाकं घासत होतात. हो म्हणालात."

दाबक्यांना काहीच आठवेना. पण चाकं घासताना ते कशालाही हो म्हणत, हे खरं होतं. त्याच भरात त्यांनी पूर्वी एकदा सत्यजितला स्वतःचं गवत कापायचं यंत्र देऊन टाकलं होतं.

एडिसनचे पुरुषोत्तमशास्त्री प्रतिमाचे गुरुजी. न्यू जर्सीत बसून ते व्हिडिओवर अख्ख्या अमेरिकेची पूजा सांगतात. गुरुवारी दाबक्यांनी त्यांना गाठलं.

"प्राणप्रतिष्ठा झालेली मूर्ती जागेवरून हलवता येत नाही," शास्त्रीबुवा म्हणाले. "हलवली म्हणजे विसर्जनच."

"गुरुजी, टेबल एकदा गेलं की गेलं हो. वॉल्टर ऐकणार नाही."

"कोण वॉल्टर?"

"ते जाऊ द्या. मूर्ती जागेवरून हलवायची नाही, बरोबर? आणि समजा, जागाच हलली तर?"

"म्हणजे?"

"म्हणजे माणूस विमानात बसला. विमान शिकागोला गेलं. माणूस खुर्चीवरून उठला का? नाही उठला."

शास्त्रीबुवांनी डोळे मिटले ते उघडेनात. पडदा गोठला की काय म्हणून दाबक्यांनी फोन हलवूनही पाहिला. मग बुवा सावकाश म्हणाले, "ती अख्खी फळी हेच देवाचं आसन असं धरलं, तर आसनासकट नेता येईल. पण मग ते आसन झालं बरं का. एकदा आसन ते आसन."

"आसन तर आसन!" दाबके म्हणाले. इतका चोख युक्तिवाद आपण आयुष्यात केला नव्हता या आनंदात त्यांनी फोन ठेवला. पुढे काही विचारायचं त्यांना सुचलं नाही.

शनिवारी सकाळी आयर्लंड गणपतीसकट सत्यजितच्या मोठ्या गाडीत चढलं. सत्यजित इतक्या हळू चालवत होता की एक सायकलवाला पुढे निघून गेला आणि जाताना त्याने मागे वळून नमस्कारासारखं काहीतरी केलं.

प्रदर्शनाच्या हॉलमध्ये वॉल्टर टेबलापाशीच उभा होता. त्याने टोपी मागे सरकवली.

"मो, हे काय आहे?"

"पाहुणे आहेत," दाबके म्हणाले. "त्यांना मधेच उठवता येत नाही."

"टेबलावरची प्रत्येक वस्तू मापात हवी. हा आपला नियम आहे. तुझ्या मापाने हा हत्ती किती उंच होतो?"

"अबाउट सेव्हन स्टोरीज," अनिकाने हिशेब करून सांगितलं. दाबक्यांनी तिच्याकडे दुखावलेल्या नजरेने पाहिलं. पण पोरगी पुढे म्हणाली, "तुमच्या ख्रिसमसच्या देखाव्यात सांताक्लॉज आहे ना, मिस्टर वॉल्टर? तो स्टेशनापेक्षा मोठा आहे. त्याचं माप काय?"

वॉल्टरने सांताक्लॉजचा विचार केला. मग समईकडे बोट दाखवून म्हणाला, "आग नाही," आणि निघून गेला. समईच्या जागी बॅटरीचा दिवा आला.

दहा वाजता दारं उघडली. लोक आले. कोलोराडोच्या खाणी बघितल्या, पेनसिल्व्हेनियाचा कोळसा बघितला, बाथरूमला गेले, आणि येताना गणपती बघितला. दाबक्यांनी नव्या इस्त्रीच्या शर्टात उभं राहून प्रत्येकाला रुळांची रुंदी सांगायचा प्रयत्न केला. लोक मान डोलवत आणि विचारत, "सोंड कुठल्या बाजूला असली की शुभ?" हे त्यांना सत्यजितने दारातच सांगून ठेवलं होतं.

सत्यजितने मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकलं होतं. अकराच्या सुमाराला कॅरीतली निम्मी मराठी मंडळी दर्शनाला आली. टेबलाखाली बुटांचा ढीग झाला. भक्तिभावाने अक्षता पडल्या त्या रुळांवर. इंजिन बोगद्यातून डौलात बाहेर यायचं, तांदळाच्या दाण्यावर चढायचं आणि आडवं व्हायचं. दाबके चिमट्याने दाणा उचलत, इंजिन उभं करत, तोवर पुढच्या काकू नमस्कार करत. वर्षभराच्या कामाची वाट लागत होती आणि ती लावणारा प्रत्येक जण डोळे मिटून हात जोडून उभा होता. कोणावर चिडायचं?

तेवढ्यात एक वाकलेला म्हातारा काठी टेकत आला. त्याने गणपतीकडे पाहिलंच नाही. तो हळूहळू वाकला, एक डोळा मिटून रुळांच्या पातळीवर आला आणि तसाच राहिला. दाबक्यांनी चिमटा खाली ठेवला.

"पाच फूट तीन," म्हातारा म्हणाला. त्याचे उच्चार कॉर्ककडचे होते. "पोरा, तू रुंदी बरोबर धरलीस. इथे कोणीच धरत नाही."

एकसष्ट वर्षांच्या दाबक्यांना 'पोरा' ऐकून भरून आलं. "तुम्ही तिकडचे?" एवढंच ते बोलले, आणि आपणच हा प्रश्न विचारला म्हणून खजील झाले. त्यांना सांगायचं होतं त्या फलाटाबद्दल, त्या संध्याकाळींबद्दल, पहिल्या इंजिनाबद्दल. म्हाताऱ्यानेही तोंड उघडलं.

आणि बारा वाजले. सत्यजितने झांज वाजवली. पन्नास माणसांनी एकदम आरती धरली. म्हाताऱ्याचे ओठ हलताना दिसत होते, हातही रुळांकडे काहीतरी दाखवत होता, पण दाबक्यांना टाळ्यांपलीकडे काही ऐकू येईना. त्यांनी कानाला हात लावून खुणावलं. दीपाला वाटलं, ते कान धरून माफी मागताहेत. तिने कौतुकाने मान हलवली. क्लबचे लोक कोळसा सोडून टाळ्या वाजवायला आले. वॉल्टरची टोपी गर्दीत पुढेच दिसत होती. आरती संपून दाबके वळले तर म्हातारा नव्हता. प्रसादाच्या रांगेने त्याला ढकलत दारापर्यंत नेलं होतं. काचेतून दाबक्यांना तो दिसला. हातात कागदी बशी, बशीत मोदक. कोणीतरी त्याला गाडीत बसवलं आणि गाडी गेली.

"इतकी गर्दी आम्ही कधी बघितली नाही," संध्याकाळी वॉल्टर दाबक्यांचा हात हलवत म्हणाला. "पुढच्या वर्षीही टेबल तुझं. बाथरूमजवळचं नाही, दारासमोरचं!"

दाबक्यांना आपले कान खरे वाटेनात. दारासमोरचं टेबल! तिथे म्हातारा पुन्हा येईल. तिथे काही ऐकू येईल.

"अर्थात हत्ती हवा," वॉल्टर म्हणाला. "हत्ती नाही तर टेबल नाही. तारीख नेहमीचीच. लेबर डेच्या आधीचा शनिवार."

घरी येऊन दाबक्यांनी पुढच्या वर्षीचं पंचांग फोनवर उघडलं आणि खुर्चीत बसले. सोफा गॅरेजमध्येच होता. पुढच्या वर्षी अधिक महिना. गणपती प्रदर्शनानंतर नऊ दिवसांनी येत होते. त्यांनी वॉल्टरला फोन लावला.

"तर मग त्याला जरा अलीकडे आण," वॉल्टर म्हणाला.

"मी नाही तारीख ठरवत."

"कोण ठरवतं?"

"चंद्र," दाबके म्हणाले.

"कोणाशी तरी बोलून बघ," वॉल्टर म्हणाला. "कोलोराडोवाले तीन जण रांगेत आहेत."

दहाव्या दिवशी संध्याकाळी मागच्या अंगणात मुलांचा प्लॅस्टिकचा हौद पाण्याने भरला. सगळे जमले. व्हिडिओवर शास्त्रीबुवांनी उत्तरपूजा सांगितली आणि शेवटी म्हणाले, "आता मूर्ती आसनासकट सोडायची."

"आसनासकट?" दाबक्यांचा आवाज चिरकला.

"तुम्हीच म्हणालात की, आसन तर आसन."

बरीच घासाघीस झाली. दाबक्यांनी पुन्हा विमान काढलं, पण या खेपेला ते उडेना. प्रतिमाही गुरुजींशी बोलली. अखेर बुवा इतकं कबूल झाले की, देव ज्यावर प्रत्यक्ष बसला तेवढंच आसन धरू. म्हणजे टेकडी, बोगदा आणि बोगद्यातला रूळ.

करवत दाबक्यांनीच हातात घेतली. दुसऱ्या कोणी कापलं असतं तर वाकडं कापलं असतं. एकवीस मिलिमीटरचे रूळ करवतीखाली आले तेव्हा प्रतिमाने त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि काही बोलली नाही. बोलली असती तरी त्यांना रडू आलं असतं, न बोलल्यानेही तेच झालं. फळीचे दोन तुकडे उरले. एकावर फलाट, एकावर दलदल, मधे काहीच नाही.

दाबक्यांनी आणि प्रतिमाने मिळून टेकडी उचलली आणि पाण्यात सोडली. शाडू विरघळू लागला, प्लॅस्टर सुटू लागलं. बोगद्यातून बुडबुडे आले. सत्यजितने आरोळी दिली, "गणपती बाप्पा..."

"मोरया!"

"पुढच्या वर्षी..."

दरवर्षी हे शब्द दाबके तोंडातल्या तोंडात म्हणत. चार लोक म्हणतात म्हणून आपणही म्हणायचे. आज ते हौदाच्या काठावर गुडघे टेकून, विजारीला चिखल लागल्याची पर्वा न करता, दोन्ही हात जोडून असे ओरडले की शेजारच्या कुत्र्याने भुंकायला सुरुवात केली.

"लवकर या!"

बाकीचे गप्प झाले तरी दाबके थांबेनात. "लवकर या! देवा, दहा दिवस तरी अलीकडे या! निदान शनिवारच्या आत या!"

"बघ, भक्ती कशी असते," दीपा डोळे पुसत सत्यजितला म्हणाली.